सीटवरचं वजन

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, पण जीव सगळा सासऱ्यांच्या जुन्या निळ्या पिकअपमध्ये. दोन वर्षांपूर्वी वळणावर ती अशी डावीकडे ओढली की आम्ही भिंतीवर आदळता आदळता वाचलो. घरी येताच मी सांगून टाकलं, "ह्या डबड्यात मी पुन्हा पाय ठेवणार नाही!" हे म्हणाले, "पुढचं सगळं नवं करतो. तरी ओढली, तर विकून टाकतो."

जुन्या गाडीचे भाग मिळेपर्यंतच दीड-पावणेदोन वर्षं गेली, मग तीन महिने गॅरेजमध्ये ठोकाठोकी चालली होती. स्प्रिंग, चाकाला धरून ठेवणारे आर्म, त्यांच्या सांध्यातले रबरी बुश, सगळं बदललं. माघार घेतील तर शपथ.

काल सकाळी चक्कर मारून आले ते तोंड पाडून. गाडी पुढून उंच उभी, आणि ओढायची ती ओढतच होती. "जाऊ दे. गिऱ्हाईक बघतो," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

माझं डोकंच फिरलं. हाच माणूस जन्मभर सगळ्यांना ऐकवत आलाय की चाकं हवेत असताना आर्मचे बोल्ट आवळू नका, रबराला पीळ बसतो, गाडी उंच राहते आणि एका बाजूला ओढते. गाडी खाली उतरवा, सीटवर माणूस बसवा, मगच शेवटचा पाना फिरवा. आणि तो माणूस म्हणजे कायम मी! कितीदा तिथं मटार सोलत बसलेय.

"अहो, बोल्ट आवळताना गाडी खाली होती का?"

"जॅकवरच होती."

"आणि सीटवर कोण होतं?"

"कोण असणार? तू नाही म्हणालीस ना."

"मग शेजाऱ्यांना बसवायचं!"

"शेजाऱ्यांना घेऊन फिरायचंय का मला?"

मला भरूनच आलं. दोन वर्षांत ह्या माणसानं एकदाही म्हणून आग्रह केला नव्हता.

"रबर फाटलंय का?" मी विचारलं.

"अजून नाही."

"मग बोल्ट सैल करा, मी बसते."

मटाराची टोपली घेतली आणि सीटवर जाऊन बसले. ह्यांनी खाली शिरून बोल्ट सैल केले. गाडी करकरली आणि चांगली दोन बोटं खाली बसली. मग पाना फिरू लागला.

"हलू नकोस गं."

"नाही हलत. नीट आवळा."

हे बाहेर आले, कपाळाला ग्रीस फासलेलं. "उतर आता. आधी मी एकटा चक्कर मारून बघतो."

"मी नाही उतरत," मी म्हटलं. "बसा आणि चालवा."