राडोयकाच्या वाफ्यातला बनियन

राडोयकाने बावीस वर्षं आमच्या भाजीपाला संशोधन केंद्रात कुंड्या धुतल्या. कंबर पार गेली, पण तक्रार करायचाही तिला कंटाळा. येत्या वसंतात निवृत्त व्हायचं आणि लेस्कोवात्स शहराजवळच्या आपल्या परसात लाल मिरची लावत बसायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

केंद्रातली संशोधक तियाना कुंड्यांच्या मातीत चांदीची अतिसूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारी पूड मिसळायची आणि सुती कापडाची पट्टी पुरायची. आठ आठवड्यांनी साध्या मातीतली पट्टी जंतूंनी खाऊन चिंध्या झालेली निघे, चांदीच्या मातीतली जशीच्या तशी. तिथली सॅलडची रोपंही खुरटलेली असत. पट्ट्या उकरायचं काम राडोयकाचं.

प्रयोग संपला की माती बंद पिंपात टाकायचा नियम होता. पण चाळलेली, काळीभोर माती फेकायला तिचा हात धजेना. या शिकलेल्या पोरी उद्या पावही फेकतील, म्हणायची. दर शरदात चार पोती माझ्या गाडीतून तिच्या परसात जायची. मी भांडारपाल, नियम मलाही पाठ होता. पण तिच्या हातच्या आयवारच्या, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, दोन बरण्या मिळायच्या ना!

गेले तीन उन्हाळे तिची मिरची अंगच धरेना. तिने बियाण्याला बोल लावला, पाण्याला लावला, शेवटी स्वतःच्या वयाला. यंदा जूनमध्ये मात्र तिने गेलेल्या नवऱ्याचा, मिलोरादचा, सुती बनियन फाडला. अर्धा वाफ्यात पुरला, अर्धा कुंपणाबाहेर.

ऑगस्टमध्ये तिने मला बोलावून दोन्ही जागा उकरल्या. कुंपणाबाहेर शिवणीचे चार दोरे सापडले. वाफ्यातला अर्धा मळलेला होता, पण धड. ती तिथेच बसली.

"धुतला तर मिलोराद अजून घालेल," ती म्हणाली.

मला हसू आलं नाही. तियानाला विचारू, काही उपाय असेल, असं मी पुटपुटलो.

"तिला काय विचारायचं? म्हणेल, मावशी, माती उपसून पिंपात टाका. बावीस वर्षं मातीच उपसली, बोयान. थकले रे आता."

मला स्वतःची लाज वाटली. पोती मीच वाहिली होती. गाडीतून रिकामी पोती आणली आणि तिच्याकडे फावडं मागितलं. ते तिने दिलं. पोत्याचं तोंड मात्र स्वतःच धरलं, दर शरदात धरायची तसंच.