अर्ध्या विटेच्या भिंतीपलीकडे

दुपारी तीनचा भोंगा झाला की आमच्या चाळीत पोळ्यांचा वास दुसऱ्यांदा उठत असे. पहिल्या पाळीची माणसं सायकली दामटत परतत, त्यांच्यासाठी तवा पुन्हा स्टोव्हवर चढे, आणि रॉकेलचा धूर, भाजत्या कणकेचा खरपूस गंध आणि पिंपरीच्या बाजूने वाऱ्यावर येणारा औषधांच्या कारखान्याचा आंबूस दर्प यांचं असं काही मिश्रण चिंचवडच्या त्या उतरत्या उन्हात भरून राही, की आज इतक्या वर्षांनंतरही कुठे स्टोव्हची फरफर ऐकली तर मला आधी तो वास येतो आणि वासाच्या मागोमाग कमलचा आवाज ऐकू येतो.

कमल माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या खोलीमध्ये अर्ध्या विटेची भिंत होती. तिच्याकडे चमचा पडला तर माझ्याकडे दचकायला होई. राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती इथे आली. तिचे यजमान नामदेवभाऊ कारखान्यात प्रेस मशीनवर होते, आणि पाच वर्षांची सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी. कमल दिवसभर त्या पोरीशी बोलत असे. आता मी पीठ मळते, आता पाणी जास्त झालं, आता तुझा बाप येईल आणि म्हणेल भाकरी गार झाली, असं तिचं समालोचन चाले, आणि पलीकडून सुजाता एखाद्या पोक्त बाईसारखं “व्हय, व्हय” म्हणत त्यात भर घाली. नळाचं पाणी गेलं की ही मुलगी नळाशी भांडे. पावसाळ्यात मुंग्यांची रांग भिंतीवर चढली तर त्यांना, कुणाकडे निघालात, पाणी पिऊन जा, असा आग्रह करी. मला कधीकधी त्या बडबडीचा वैताग येई, हे कबूल करते. दुपारी डोळा लागू पाहत असताना पलीकडे मायलेकींची मैफल सुरू असे.

स्टेशनच्या पलीकडे एका बंगल्यात इंग्रजी शाळा होती. रेल्वेतल्या एका अधिकाऱ्याच्या विधवा पत्नीने ती काढलेली. चार खोल्या, चाळीसेक मुलं, फाटकावर मधुमालतीचा दाट वेल आणि ओटीवर वेताच्या खुर्च्या. मुलं त्यांना मोठ्या टीचर म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. माझी अंजली तिथे वर्षभर आधीपासून जात होती आणि माझा तोरा काही विचारू नका. मी स्वतः मॅट्रिक होऊन कॉलेजात एक वर्ष काढलेलं; त्या एका वर्षाच्या जोरावर मी चाळीत विदुषी होते. आमच्या यजमानांची नोकरी ड्रॉइंग विभागात, खुर्चीवरची. कारखान्याच्या त्या वस्तीत प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक होती, की काचेच्या केबिनीत बसणारे इंग्रजी बोलतात आणि मशीनपाशी उभे राहणारे मराठी. नामदेवभाऊंना आपली मुलगी केबिनीत बसलेली पाहायची होती. त्यांच्या खोलीत निळ्या कोटातली तसबीर होती, तिच्यापुढे रोज एक ताजं फूल असे, आणि शिकण्याचा विषय निघाला की त्यांची नजर आपोआप तिकडे जाई. सुजातालाही त्याच शाळेत घाला, हे त्यांना सांगितलं ते मीच. आग्रह करकरून सांगितलं.

जूनमध्ये लिंबाच्या रंगाचा फ्रॉक घालून सुजाता शाळेत गेली. महिन्याभरात पालकांची सभा झाली. ओटीवर बाकं मांडली होती, पावसाने धुतलेल्या मधुमालतीचा गंध आत येत होता, आणि मोठ्या टीचर पाऊण तास इंग्रजीतून बोलल्या. मग त्यांनी सभेवरून नजर फिरवली, माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, की ज्यांना कळलं नसेल त्यांना तुम्ही मराठीत सांगा, आणि कागद आवरून आत निघून गेल्या. त्या क्षणी मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. उठून उभी राहिले, पदर खांद्यावरून पुढे घेतला, आणि कमल-नामदेवभाऊ बसले होते त्या मागच्या बाकाकडे पाहून ठणठणीत आवाजात सांगितलं, “आजपासून घरी मुलांशी मराठीतला एक शब्दही बोलायचा नाही.”

आमच्या घरी हा नियम त्याच दिवशीच्या जेवणापर्यंत टिकला. अंजलीने दोडक्याची भाजी ताटाच्या कडेला सारली, तिचे वडील तिच्यावर अस्सल मराठीत कडाडले, आणि मग आम्ही तिघंही हसलो. पुढे कधी आठवण झालीच तर ‘पास द सॉल्ट’ म्हणायचं, आणि मीठ घेऊन पुन्हा आपल्या गप्पांना लागायचं. नियम मोडला म्हणून आपलं कुणी काही वाकडं करील, हे आमच्या मनालाही शिवलं नाही. भिंतीपलीकडची गोष्ट निराळी होती. सभेहून परतताना नामदेवभाऊ माझ्या दारात क्षणभर थांबले आणि दोन्ही पंजे पसरून त्यांनी मला दाखवले.

“वहिनी, अकरा वर्षं प्रेसवर हाय. धाच्या धा बोटं शाबूत हायेत. का? तर मशीनच्या पाटीवर जे लिवलंय ते तसंच्या तसं पाळतो. आपल्या मनाचं काय घालत न्हाई. ज्यांनी घातलं, त्यांची बोटं गेली.”

मी कौतुकाने हसले. काय पाळतील हे, असा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. त्या दोघांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ते मुलीशी बोलायचे थांबले.

हे मला लगेच कळलं नाही. आधी फक्त इतकंच जाणवलं, की दुपारी झोप चांगली लागते. श्रावण गेला, गणपती उठले, आश्विनातलं ते पिवळं, स्वच्छ ऊन आमच्या सामाईक गॅलरीत लांबवर पसरू लागलं, आणि एके दिवशी त्या उन्हात धान्य निवडताना माझ्या ध्यानात आलं, की पलीकडून नुसती भांडी वाजताहेत. लाटण्याचा, बांगड्यांचा, झाडूचा आवाज येतो आहे, पण माणसाचा नाही. डोकावून पाहिलं तर सुजाता भिंतीला टेकून बसलेली, कमल तिच्यासमोर ताट ठेवून बोटाने तोंडाकडे खूण करते आहे. मला पाहून कमल बाहेर आली आणि गॅलरीच्या टोकाला नेऊन, मुलगी ऐकणार नाही अशा बेताने, माझ्याशी मात्र भडभडून बोलली.

तेव्हापासून ती नळावर माझ्याकडे शब्द मागू लागली. जेव म्हणजे काय, नीज म्हणजे काय, जपून जा कसं म्हणतात. मी ‘ईट’ दिला, ‘स्लीप’ दिला, ‘केअरफुल’ दिला. बादली भरेपर्यंत ती तो शब्द पुटपुटत राही, हातात बादली आणि ओठांवर शब्द घेऊन जिना चढे, आणि थोड्या वेळाने भिंतीतून तो एकच शब्द ऐकू येई. त्याच्या पुढे काही नाही, मागे काही नाही. मला ते गमतीचं वाटे. यजमानांना नक्कल करून दाखवत असे.

मार्गशीर्षात पवनेच्या काठावरून बोचरी थंडी चाळीत शिरली आणि सुजाता तापाने फणफणली. दुपारची वेळ होती. कमल माझ्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली; हातात मिठाच्या पाण्याची पट्टी तशीच निथळत होती.

“ताई, ‘कुठं दुखतंय गं बाय’ असं इंग्रजीत कसं इचारायचं?”

त्या वेळी मी तिचा हात धरून म्हणायला हवं होतं, की अगं वेडे, जा, तुझ्या भाषेत विचार, पोटाशी घे आणि विचार. पण मी विचारात पडले ते भाषांतराच्या, आणि म्हणाले, “व्हेअर इज इट पेनिंग.” तिने माझ्या उंबऱ्यात उभं राहून ते तीनदा घोटलं आणि गेली. मग भिंतीतून मला ऐकू आलं. व्हेर ईजी पेनिंग, व्हेर ईजी पेनिंग, असं ती पुन्हापुन्हा विचारत होती, अंगाई म्हणावी इतक्या हळुवार सुरात. बाईच्या आवाजात जेवढी म्हणून माया असू शकते तेवढी त्या परक्या चार शब्दांत ओतत होती. आणि खोटं कशाला बोलू, माझं इंग्रजी तिच्या उपयोगी पडलं याचं मला बरं वाटलं. ते वाक्यही चूक होतं. पुढे आठवीत गेल्यावर अंजलीने हसत हसत मला सांगितलं, की आई, असं म्हणत नाहीत.

नाताळच्या सुट्टीआधी मला शाळेत बोलावणं आलं. पाठांतरात अंजली पहिली आली होती, आणि नव्या पालकांना दाखवायला म्हणून शाळेने एक अभिप्रायवही ठेवली होती, तिच्यात मी चार ओळी लिहाव्यात अशी मोठ्या टीचरांची इच्छा होती. मी ठेवणीतली साडी नेसून गेले. ओटीवरच्या त्याच टेबलापाशी नामदेवभाऊ उभे होते, पहिल्या पाळीहून थेट आलेले, हाताला तेलाचा वास. सुजाता त्यांच्या मागे होती. मोठ्या टीचर त्यांना सांगत होत्या, की मुलगी वर्गात तोंडच उघडत नाही, तिची समज कमी दिसते, तिला दुसऱ्या शाळेत घालणं तिच्याच हिताचं होईल.

नामदेवभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “टीचर, तुमी सांगितल्यापरमानं केलं आमी. पाच म्हैने झालं, पोरीसंगं मराठीतला एक शबुद बोललो न्हाई. हिची आईबी न्हाई. इंग्रजी आमाला येत न्हाई, मग गप ऱ्हायलो.”

मोठ्या टीचरांनी चष्मा काढला. “असं मी कुठे म्हटलं होतं? जमेल तितकं, असं म्हटलं होतं मी. जमेल तितकं टाळा.”

त्यांनी तसंच म्हटलं होतं. मला ते नीट आठवत होतं. ते दोन शब्द मी विसरले नव्हते, मुद्दाम गाळले होते. त्या शब्दांनी वाक्य लेचंपेचं होत होतं, आणि सभेत उभं राहून लेचंपेचं बोलायची माझी तयारी नव्हती. नामदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. वहिनी आता काहीतरी सांगतील, याची वाट पाहणारी ती नजर होती, आणि ती बराच वेळ तशीच थांबली. मी मान खाली घालून वही पुढे ओढली आणि वळणदार अक्षरात इंग्रजीतून लिहिलं, की या शाळेत प्रत्येक मुलाकडे आईच्या मायेने पाहिलं जातं. डोकं वर केलं तेव्हा नामदेवभाऊ मुलीचं दप्तर खांद्याला लावून फाटकाबाहेर पडत होते.

पुढे ती शाळा मोठी झाली, बंगल्याला मजला चढला. कुणी विचारलं, तर ड्रॉइंग विभागातले, हिशेब विभागातले पालक तोंड भरून स्तुती करत. मशीनवरचे दोन-चार जण नुसते ‘हाय की’ म्हणून विषय बदलत. दोघंही खरंच सांगत होते. मोठ्या टीचरांनाही मी पुरती सोडत नाही. पाच महिने एक मूल समोर मुकं बसतं आणि का, हे विचारायला त्यांना सवड झाली नाही. पण हे बोलण्याचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे.

सुजाता नगरपालिकेच्या शाळेत गेली आणि त्या घराने भोसरीला खोली घेतली. बोलणं येईल हळूहळू परत, असं मी स्वतःला समजावत राहिले. सात वर्षं मी भोसरीची वाट टाळली. शेवटी एका संध्याकाळी, त्याच भागात एका कामासाठी गेले असताना, विचारत विचारत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

कमलने मला मिठीच मारली. हे कामावरून यायचेत अजून, म्हणाली, आणि स्टोव्ह पेटवला. तोच वास, तीच फरफर, आणि तिचं तेच अखंड बोलणं. क्षणभर मला वाटलं, की काहीच झालेलं नाही. तेवढ्यात पाण्याची बादली घेऊन सुजाता आत आली. तेरा वर्षांची, उंच, वडिलांसारखी रेखीव. आणि कमल वाक्याच्या अर्ध्यात थांबली. मुलीने बादली ठेवली, मला वाकून नमस्कार केला, मागच्या दाराने निघून गेली, आणि मगच कमलने ते अर्धं वाक्य पुरं केलं.

“ती म्होरं आली की जीभ आपसूक थांबती, ताई,” ती चहा गाळत म्हणाली. “मग मी लई सांगाय लागले तिला, परत पहिल्यासारकं. पर तिला सवय मोडली न् मलाबी. घरात समदं हाताच्या खुनंनंच चालतं.”

शाळेत सुजाताबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मुलगी शांत आहे, गुणी आहे, असंच सगळे म्हणत. मुलीच्या जातीला तो गुणच. त्यामुळे तिचं काही हरवलं आहे हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारणही उरलं नव्हतं. कमल मात्र माझे आभार मानत होती. तुमच्यामुळं पोरीनं इंग्रजी शाळेची पायरी तरी चढली, म्हणत होती. तिच्या त्या निखळ बोलण्यावरून मला उमगलं, की त्या दुपारी ओटीवर काय झालं ते नामदेवभाऊंनी तिला आजवर सांगितलेलंच नाही. माझ्यासाठी त्यांनी मौन पाळलं होतं, की तिने आयुष्यभर जळू नये म्हणून, मला ठाऊक नाही. चहा संपेपर्यंत मी मनात वाक्य जुळवत राहिले. कप खाली ठेवला आणि निघते म्हणाले.

दारापुढे उघडं गटार होतं आणि त्यावर एक डुगडुगती फरशी. दिवेलागण होत आली होती. सुजाता न सांगता पुढे आली, तिने माझा हात धरून मला पलीकडे नेलं, आणि फरशीवर माझा पाय जरासा सरकला तेव्हा अगदी हळू आवाजात म्हणाली, “केअरफुल.”

माझाच शब्द होता तो. नळावर बादली भरेपर्यंत तिच्या आईला दिलेला. त्या पाच महिन्यांत आईने तिला जे काही सांगितलं होतं, त्यातलं एवढंच तिच्यापाशी उरलं असेल. मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली होती, तिचे वडील थांबले होते तशीच; आणि तिचा हात हातात धरून, त्या मावळत्या उजेडात, मला माहीत असलेल्या दोन्ही भाषांत मी शब्द शोधत उभी राहिले.