मस्कतला सव्वा तासात

माझे बाबा रत्नागिरी डेपोत तीस वर्षं एसटी चालवून रिटायर झाले. कुठलंही अंतर सांगा, घाट, वळणं आणि चहाचे थांबे धरून ते लगेच वेळ सांगणार. चुकलो तर मिशी उतरवीन म्हणायचे, आणि मिशी अजून शाबूत आहे.

गेल्या वर्षी मस्कतला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला. पहिलंच बाळंतपण. माहेरी यायचं तर डॉक्टरांनी विमान बंद केलेलं, जावई दिवसभर कामावर. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मला शाळेच्या परीक्षा संपेपर्यंत सुटी नाही. राहिले बाबा. "नुसते सोबतीला तरी या हो," म्हणून ती फोनवर रडायची, आणि बाबांचं आपलं "बघू, बघू."

शेवटी मीच तिकीट काढलं आणि छापून त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं. मुंबईहून सुटणार सकाळी दहाला, मस्कतला पोचणार सव्वाअकराला.

"अंतर किती?"

"साडेपंधराशे किलोमीटर."

झालं! तिकीट टेबलावर आपटलं. "सव्वा तासात साडेपंधराशे? ताशी बाराशेच्या वर हाणतोय! मी नाय बसणार असल्याच्या गाडीत. मुंबईला साडेतीनशे किलोमीटर, मी नऊ तास घ्यायचो, पण कुणाला खरचटू दिलं नाही. आणि हे बघ, येताना चार तास लावतोय. हा ड्रायव्हर बरा दिसतो. जाताना पण ह्यालाच पाठवा म्हणावं."

मी कपाळावर हात मारून घेतला. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे खरा वेळ जाताना पावणेतीन तास, येतानाही साधारण तेवढाच, हे तीनदा सांगितलं. ऐकतील तर शपथ! मग मी भडकलेच. "भीती वाटते असं सरळ म्हणा ना! पोरगी तिकडे एकटी बसलीय आणि तुम्ही इथे स्पीड काढत बसलायत!"

बाबांनी चष्मा काढून तिकिटावर ठेवला. मग म्हणाले, "वाटते गो भीती. आपण बसलोय आणि गाडी दुसऱ्याच्या हातात, सवयच नाय."

इतकी माया आली मला त्यांची, काय सांगू! मी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपणहून बॅगेत आमसुलं आणि कुळथाची पिठी भरायला घेतली.

मुंबईला त्यांना सोडलं आणि विमान सुटल्यापासून माझा डोळा घड्याळावर. आपल्याकडचे दोन वाजले तेव्हा फोन आला.

"ड्रायव्हर चांगला होता. नीट आणलंन," बाबा म्हणाले. मागे धाकटी हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

"बघा, पावणेतीन तासच लागले ना?" मी चिडवलं.

"हो गो." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुझी आई किती वेळा म्हणायची, एकदा पोरीचं घर बघून येऊ. मी आपला लांब आहे, लांब आहे, म्हणत राहिलो."