दाभोसा धबधब्यावर लॅपटॉप कुठे ठेवायचा?

जव्हारला जायचं का ठरवलं, असं बरेच जण विचारतात. खरं कारण सांगितलं तर हसाल. आमच्या खालच्या मजल्यावर चोरी झाली. टीव्ही, मिक्सर, देवघरातली चांदी सगळं जागच्या जागी, लॅपटॉप तेवढा गेला. त्यानंतर महिनाभर मी घराबाहेर पडलो नाही. नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकट्याने लॅपटॉपची राखण करून इतका वैतागलो की म्हटलं, राखणच करायची तर जरा डोंगरात जाऊन करू. आणि आम्ही दोघं निघालो, मी आणि लॅपटॉप.

तो माझा नाही, वासंतीचा. माझी बायको शाळेत तिसरीला शिकवायची. शाळा बंद होत्या त्या काळात तिने घरून क्लास घेतले आणि ते रेकॉर्ड करून ठेवले. ती जाऊन दोन वर्षं झाली. आमच्या फोटोंचे अल्बम आहेत, पण तिचा आवाज कुठेच नाही, फक्त त्या क्लासांत आहे. त्यातल्या एकात मी मागून चहाचं विचारतो आणि ती म्हणते, "अहो, क्लास चालू आहे!" सगळी पोरं हसतात. तेवढ्यासाठी मी हे यंत्र तान्ह्या बाळासारखं सांभाळतो. कॅमेऱ्यावर तिनेच लावलेली टिकली अजून तशीच आहे. क्लास नसताना कोणी चोरून बघू नये म्हणून लावली होती.

नाशिकहून जव्हारची एसटी त्र्यंबकवरून जाते. तोरंगण घाट उतरला की हवा बदलते. दिवाळी नुकतीच झाली होती, भात कापून शेतात पसरलेलं, उतारांवर नाचणी पिवळी पडलेली. खिडकीची जागा मिळाली तरी मजा घेता आली नाही, कारण बॅग मांडीवर. एसटीत लॅपटॉप वरच्या फळीवर कधीही ठेवू नका. वळणावर पडतो, आणि डुलकी लागली तर कोणाबरोबर उतरतो ते कळत नाही. मी तर तो लॅपटॉपच्या चकचकीत बॅगेत ठेवतच नाही. किराणा दुकानाचं नाव छापलेली जुनी कापडी पिशवी, आत जाड उशीचा अभ्रा, त्यात लॅपटॉप. मोखाड्याला बस थांबली तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "काका, काय नेताय एवढं जपून?" मी म्हटलं, "पापड." त्या जव्हारपर्यंत माझ्या पापडांना धक्का लागू नये म्हणून सरकून बसल्या. मला जरा वाईटच वाटलं.

जव्हारमध्ये स्टँडपासून चालत पाच-दहा मिनिटांवर साधी लॉज मिळाली. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी बादलीने. मॅनेजर म्हणाला, "एकटेच?" मी म्हटलं, "हो." हा प्रश्न प्रवासात दिवसातून चार वेळा येतो. त्याला आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती. माझी खिशातली प्रत भिजून फाटलेली. पण आधार पेनड्राइव्हवर होतं, आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात. त्याच पेनड्राइव्हवर वासंतीच्या क्लासांची दुसरी प्रतही होती. लॅपटॉप एका जागी, प्रत दुसऱ्या जागी, हा माझा नियम. आता नियमातलं भोक ऐका.

बाजारातल्या दुकानात पेनड्राइव्ह दिला. मालकाने तो संगणकात खुपसला, आणि पडद्यावर माझे सगळे फोल्डर आले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण. मला घाम फुटला. हा व्हायरस ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. खरे फोल्डर लपवतो, त्यांच्या जागी खोटे ठेवतो, आणि खोट्यावर क्लिक केलं की तुमच्या यंत्रात शिरतो.

"तुमच्याकडे अँटिव्हायरस नाही?" मी ओरडलोच.

"होता साहेब. त्याची मुदत संपली," तो शांतपणे म्हणाला. "सगळ्यांचं असंच दिसतं इथे. तलाठी ऑफिसचं पण असंच दिसतं. प्रिंट तर येते ना?"

प्रिंट आली. अगदी सुरेख आली. पेनड्राइव्ह मात्र आता माझ्या लॅपटॉपला लावायची सोय राहिली नाही. असा व्हायरस फायली सहसा पुसत नाही, फक्त लपवतो, हे मला माहीत होतं. पण 'सहसा' या शब्दावर बायकोचा आवाज ठेवणार कोण? रस्त्यावर उभं राहून मी तो पेनड्राइव्ह कागदात गुंडाळला आणि दुसऱ्या खिशात टाकला. म्हणजे आता खात्रीची प्रत एकच, पिशवीतली. तुम्ही जाणार असाल तर झेरॉक्सच्या दुकानासाठी एक वेगळा, स्वस्तातला, रिकामा पेनड्राइव्ह ठेवा. मी ठेवला नव्हता.

संध्याकाळी शिरपामाळावर गेलो. शिवाजी महाराजांचा इथे मुक्काम झाला होता असं सांगतात. माळावर वारा छान, माणसं कमी. एक जोडपं फोटो काढत होतं. त्यांनी मला त्यांचा फोटो काढायला सांगितलं. मी काढला. मग मुलगी म्हणाली, "काका, तुमचा काढू?" पिशवी छातीशी धरलेला माझा फोटो आहे आता फोनमध्ये. त्यात मी एखाद्या हरवलेल्या माणसासारखा दिसतो. रात्री जेवायला तांदळाची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी होती. पोट भरून जेवण, दीडशे रुपये. चार जणांच्या टेबलावर मी एकटा, समोरच्या खुर्चीवर पिशवी. वाढप्याने तिच्यापुढेही ताट मांडलं आणि मग उचललं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून दाभोसाला गेलो. रस्ता शेवटी खराब आहे, पण दोन्ही बाजूंची झाडी बघून तक्रार करावीशी वाटत नाही. धबधब्याच्या तळाशी जायची वाट उताराची, दगड शेवाळलेले. रिक्षावाला म्हणाला, "पिशवी घेऊन उतरू नका, पाय सटकला तर दोघंही पाण्यात." आणि दुपारी न्यायला येतो म्हणून तो निघून गेला.

वर एक चहाची टपरी होती. चार बांबू, वर ताडपत्री, एक लाकडी बाकडं. चहा करणारी बाई पस्तिशीची असेल, नाव चिमीबाय. मी दोन कप चहा प्यायलो तरी ठरेना. घरी परत जावं का? इतक्या लांब येऊन? पाण्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"ठेवा ना बाबा," ती म्हणाली. "मी हाये इथंच. काय हाये आत?"

"मशीन आहे."

"बरा. माना लक्ष राहील."

मी पिशवीच्या बंदांतून लॅपटॉप बांधायची लोखंडी तार ओवली, बाकड्याच्या पायाभोवती फिरवली आणि आकड्यांचं कुलूप लावलं. ती हे सगळं बघत होती. मलाच लाज वाटली, पण कुलूप काढलं नाही.

खाली काय वर्णन करू? कड्यावरून पाणी सरळ कोसळतं आणि खाली डोहात हिरवं होऊन थांबतं. माझ्याशिवाय कोणी नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात मोकळे होते. मी पाय पाण्यात सोडून बसलो आणि उगाच रडलो. पाण्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नसतं, मलाही नीट गेलं नाही. किती वेळ बसलो कोण जाणे. मान वर केली तर आभाळ काळं झालं होतं.

धापा टाकत वर आलो. टपरीत कोणी नाही. स्टोव्ह विझलेला, बाकडं उलटं पडलेलं, पाय वर. पिशवी नाही, तारही नाही.

त्या क्षणी जे वाटलं ते लिहितो. वासंती दवाखान्यात गेली तेव्हा सही करायला कागद होते, भेटायला माणसं होती. इथे काहीच नव्हतं. ती दुसऱ्यांदा गेली आणि तीही माझ्या मूर्खपणाने, असं वाटलं. मी "चिमीबाय!" अशा हाका मारत रस्त्याने पळत सुटलो. डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेल्या दोन बायका लगबगीने येत होत्या.

"चिमी ना? भात झाकाया गेली. पाऊस येता ना! त्या पाड्यावर जा, आंब्याच्या खाली."

बांधावरून धडपडत गेलो. कापलेलं भात शेतात उघडं पडलेलं, आणि चिमीबाय आणि तिचा नवरा पेंढ्या गोळा करून ढीग घालत होते. मी ओरडलो, "माझी पिशवी?"

"घरात हाये. हा धरा आधी!" तिने प्लास्टिकच्या कागदाचं टोक माझ्या हातात दिलं.

मला पिशवी हवी होती. पण तिचं वर्षाचं खाणं उघडं होतं आणि थेंब पडायला लागले होते. मी टोक धरलं. वाऱ्याने कागद फडफडत होता. तिच्या नवऱ्याने दगड ठेवले, मी बसून कडा दाबून धरल्या. अवकाळी पाऊस पाठीवर काठीसारखा बसत होता. सगळं झाकून झालं तेव्हा आम्ही तिघंही निथळत होतो.

घराला कुलूप नव्हतं. दाराला नुसती काठी अडकवायची सोय. आत तिच्या सासूने आमच्यासाठी चूल पेटवली होती, चांगली ढणढण. आणि चुलीच्या बरोबर वर, आडव्या वाशाला मक्याची कणसं, नाचणीच्या जुड्या, वाळलेला दुधी, आणि त्यांच्या मधोमध माझी किराण्याची पिशवी. तार लोंबत होती. कुलूप शाबूत.

मी जोरात किंचाळलो. म्हातारी दचकून बाजूला झाली. मी पिशवी ओढून काढली. ती चांगलीच कोमट होती, आणि काळी.

"काय झाला?" चिमीबाय घाबरली. "बाकडा उचलला नी तार काढली. टपरीत कशी ठेवू? भुईवर उंदीर कुरतडता, कोपऱ्यात पानी गळता. वर काय होत नाय. आमचा बियाना तिथंच ठेवतो."

घरातली सगळ्यात जपायची वस्तू जिथे ठेवतात, तिथे तिने माझी वस्तू ठेवली होती. रागावणार कोणावर? मी लॅपटॉप काढला, म्हातारीने पुढे केलेल्या लुगड्याच्या कोरड्या टोकाने पुसला. गार होईपर्यंत थांबलो, मग बटण दाबलं. पडदा उजळला.

"आत काय हाये, दाखवा तरी," चिमीबाय म्हणाली.

आजवर मी ते कोणालाही ऐकवलं नव्हतं. तिथे मात्र लावलं. वासंतीचा आवाज त्या धुरात आला: "नमस्कार बाळांनो! ऐकू येतंय का सगळ्यांना?"

"येता, येता!" सासूबाई मोठ्याने म्हणाल्या.

मी हसलो आणि लगेच हुंदका आला. वासंती विचारायची आणि मी गप्प बसून ऐकायचो. तिला कोणीतरी उत्तर दिलं होतं. मग ते "अहो, क्लास चालू आहे" आलं, आणि चिमीबाय माझ्याकडे बघून हसली. "तुमालाच बोलली ना? कठं असते बाय?"

"नाही राहिली."

तिने पुढ्यात चहा ठेवला, बिनदुधाचा, गूळ घातलेला. सासूबाईंनी पडद्याकडे बोट केलं. "दुसरा लाव."

मी म्हटलं, बॅटरी संपत आली. बॅटरी अर्ध्याहून जास्त होती.

रिक्षावाला पाऊस थांबल्यावर शोधत आला, आणि वाट बघायचे जास्त पैसेही त्याने मागितले नाहीत. निघताना मी चिमीबायला पैसे देऊ केले. तिने चहाचे तेवढे घेतले, टपरीवरच्या दोन कपांचे. घरातल्याचे नाही.

नाशिकला आल्यावर ओळखीच्या माणसाकडून पेनड्राइव्ह साफ करून घेतला. फायली होत्या, नुसत्या लपलेल्या. लॅपटॉपच्या पंख्यातून काजळी निघाली. मग मी आधीच करायला हवं होतं ते केलं. दोन बाहेरच्या हार्डडिस्क घेतल्या, सगळे क्लास दोन्हींवर टाकले. एक कपाटात ठेवली, एक सांगलीला वासंतीच्या बहिणीकडे पाठवली. सांगायचं तर एवढंच सांगेन: एक प्रत दुसऱ्याच्या घरी असू द्या. चोर, पाऊस, व्हायरस, चूल, एकाच वेळी दोन गावांत येत नाहीत.

आठवड्याने मेहुणीचा फोन आला. तिने सगळे क्लास ऐकले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"भाऊजी, तो शेवटचा ऐकलात ना? तुम्ही मागे खोकताय. ती शिकवायची थांबते आणि पोरांना म्हणते, 'थांबा हं, काकांना पाणी देऊन येते. त्यांना एकट्याने काही सुचत नाही.' मग कितीतरी वेळ नुसती रिकामी खुर्ची दिसते, आणि आतून तुम्हा दोघांचं बोलणं ऐकू येतं."

मी नुसतं "हं" म्हटलं. दोन वर्षं मी एकच फाइल ऐकत होतो. दुसरी उघडली आणि तीही संपली तर, या भीतीने बाकीच्यांना हात लावला नव्हता. चोरापासून जपलं, व्हायरसपासून जपलं, आणि माझ्यापासूनही जपून ठेवलं.

"काय बोलतोय आम्ही?" मी विचारलं.

"ते मी नाही सांगणार," मेहुणी म्हणाली. "फोन ठेवा आणि लावा."