साणं आणि शेजारची खिडकी

आमच्या घराला खिडकी नव्हती. भवानी पेठेतल्या त्या बोळात आमच्या दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, मागं तिसऱ्याची भिंत, आणि पुढं एक दार. उजेड यायचा तो वरून, मातीच्या माळवदाला ठेवलेल्या साण्यातून. हातभर रुंदीचं चौकोनी भोक ते. चुलीचा धूर त्यातून वर जायचा आणि ऊन त्यातून खाली यायचं. ऊन सरकत जात्यावर आलं, की वडिलांची पहिली पाळी सुटत आली हे आईला मिलच्या भोंग्याआधी कळायचं.

शेजारी भुसारवाले होते. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. दुष्काळ सरल्यावर त्यांनी थोरल्या मुलाच्या लग्नासाठी घरावर मजला चढवला. विटा, लोखंडी तुळया, शहाबादी फरशी, सगळं आमच्या दारावरून वर जात होतं. तोवर वडील गप्प होते. गवंड्यानं आमच्या अंगाच्या भिंतीत खिडकीची चौकट बसवली, तेव्हा मात्र ते तरातरा शेजारच्या दारात गेले. त्या खिडकीतून खाली बघितलं की थेट आमचं साणं, आणि साण्याखाली चूल, मोरी आणि आम्ही मायलेकी.

"आप्पा, ही खिडकी न्हाय चालायची. खाली आमची बायामानसं हायती."

"माजी भिंत, माजी खिडकी. तुमच्या साण्यात डोकवायला आमाला काय दुसरा धंदा न्हाय?"

झालं. वडील घरी आले, माळवदावर चढले आणि साण्यावर पत्रा टाकून त्यावर दगड ठेवले. "खिडकी बुजंस्तवर पत्रा हालनार न्हाय," म्हणाले. दुसऱ्याला धडा शिकवायला स्वतःच्या घरात अंधार करणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि तो नेमका माझा बाप निघाला. आप्पांचं काहीच बिघडलं नाही. त्यांच्याकडे वीज होती, पंखा होता. आमच्याकडे भरदिवसा चिमणी पेटू लागली. धूर आढ्याशी कोंडून परत खाली यायचा. "माजी भाकर मला दिसंना की," आई म्हणायची आणि पदरानं डोळे पुसायची. बोळातल्या शहाण्यांनी साण्याला काच बसवा म्हणून सांगून पाहिलं. "आमी का बसवायची?" एवढ्यावर वडिलांनी तो विषय संपवला.

मी सतरा वर्षांची. मॅट्रिक होऊन घरी बसलेली. पोर मोठी झाली म्हणून दारात उभं राहायचं नाही, आणि आता खिडकीपायी माळवदावर वाळवण घालायलाही जायचं नाही. दिवसभर मी त्या काळोखात ज्वारी निवडायची. खडे डोळ्यांना दिसायचे नाहीत, बोटांनाच लागायचे. कधी कधी वाटायचं, किंकाळी फोडावी. पण फोडून करणार काय, दारातून चार बाया विचारायला आल्या असत्या.

एका दुपारी जीव घुसमटला. वडील मिलमध्ये होते, आई भिंतीकडे तोंड करून, तोंडावर पदर घेऊन पडली होती. मी कपडे वाळत घालायची काठी उचलली आणि खालून दगडांसकट पत्रा वीतभर सरकवला. वर खिडकीच्या गजांमागं एक तोंड दिसलं, माझ्याच वयाचं. मी काठी खाली घेणार, तोच वरून आवाज आला, "ऊटा आतेनु?"

जेवण झालं का, एवढं कानडी पेठेत कुणालाही कळतं. "झालं," मी म्हणाले.

"आतु म्हनायचं, आतु," ती म्हणाली आणि खुदकन हसली.

ती शेजाऱ्यांची नवी सून, अक्कलकोटच्या पलीकडची. वरच्या मजल्याच्या पुढच्या भागात धान्याची पोती, मागं तिची खोली. नवरा दिवसभर दुकानात. जिना उतरायचा तर सासूला विचारून. मग रोज दुपारी मी पत्रा सरकवायची, ती विचारायची "ऊटा आतेनु", मी म्हणायची "आतु". मग माहेरच्या गोष्टी, सासूच्या चहाड्या, निम्म्या कानडी, निम्म्या मराठी. दुकानातल्या शेंगा ती नेम धरून खाली टाकायची, त्या मी ओच्यात झेलायची. साण्याला त्यांच्याकडे बेळकिंडी म्हणतात, तेही तिनंच सांगितलं. बेळकु म्हणजे उजेड, किंडी म्हणजे भोक. गज धरून म्हणाली, "तुला येक बेळकिंडी, मला बी येकच."

आमचा पत्रा निघावा आणि तिची खिडकी राहावी, एवढंच मला हवं होतं. ते सांगणार कुणाला?

मग मंगळवेढ्याकडचे लोक मला बघायला आले. भर दुपारी चिमणीच्या उजेडात मी पोहे घेऊन गेले. मुलाच्या आत्यानं चिमणी उचलून माझ्या तोंडाशी धरली, अगदी भुवया भाजतील इतकी जवळ. "दिवसा दिवा कशाला? काय दडवताय व्हय पोरीचं?" वडिलांनी साण्याची कथा सांगितली, पण लोक पोहे खाऊन गेले ते गेलेच. मला मनातून बरं वाटलं.

वडिलांना मात्र ते फार लागलं. ते भरल्या दुकानात आप्पांपुढं जाऊन उभे राहिले. "तुमच्या खिडकीपायी माज्या पोरीचं लगीन मोडलं."

आप्पांच्या पदरी लग्नाच्या दोन मुली होत्या. ते गल्ल्यावरून उठले. "पोरीबाळीचा प्रश्न हाय व्हय? मग आदीच सांगायचं की, मामा. उद्याच्याला बुजवतो." दोघांनी तिथंच चहा घेतला. वडील घरी आले ते पंचमीचा झोका खेळून आल्यासारखे. मला त्यांचा इतका राग आला, की त्यांचं ताट मी आपटूनच वाढलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. विटेवर वीट चढली, थापीचे आवाज संध्याकाळपर्यंत येत होते. मग वडिलांनी पत्रा काढला. उरलेलं ऊन घरात उतरलं तेव्हा आई नुसती बघत राहिली, आढ्याची जळमटं, भिंतीवरची काजळी, स्वतःचे हात.

त्याच्या दुसऱ्या दुपारी आई नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून पडली. मी साण्याखाली उभी राहिले. वर ओल्या गिलाव्याचा चौकोन दिसत होता. मी हळूच म्हणाले, "ऊटा आतेनु?"

पुन्हा म्हणाले.

"जरा मोट्यानं वरड की," आई पदराआडून म्हणाली. "मदी भिंत हाय आता."

म्हणजे इतके दिवस ती जागीच होती. मग मी ओरडले, पेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. वरून फक्त ऊन आलं.