काळी कांडी

शुक्रवार पेठेत आम्ही तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. शिलाई मशीनला मी हौसेनं विजेची मोटार बसवली आणि वरच्या घरमालकांच्या रेडिओला जणू खोकलाच लागला. मी शिवायला लागले की त्यांच्या बातम्यांत खरखर. "सोमवारपातूर मोटार काढ, न्हाईतर खोली सोड," त्यांनी जिन्यावरूनच बजावलं. नवऱ्याचं गिरणीतलं काम सुटलेलं, घर माझ्या शिवणावर चाललेलं. पुन्हा पायानं मशीन मारावं, तर गुडघे साथ देईनात.

गल्लीच्या तोंडाशी एक चाचा रेडिओ दुरुस्त करायचे. ते म्हणाले, "मोटारची वायर काळ्या कांडीवर गुंडाळा, खरखर जाईल."

मी विणकरांच्या घरातली. कांडी म्हणजे आमच्या लेखी मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसते ती, सुताची, लाकडाची. माहेरून एक आणली. काळी म्हणाले होते, म्हणून तिला बूटपॉलिशही फासलं! वायर अशी एकसारखी गुंडाळली की माझ्या आईनं पाठ थोपटली असती. खरखर होती तेवढीच.

रविवारी मी भांडीकुंडी पोत्यात भरली आणि तणतणत चाचांकडे गेले. ती कांडी बघून ते हसता हसता स्टुलावरून पडायचे राहिले. "अहो ताई, ही नव्हे! ट्रान्झिस्टरच्या पोटातली, फेराइटची!"

पिशवी आणि स्वतःचा छोटा रेडिओ घेऊन ते घरी आले. खरी काळी कांडी लावल्यावर खरखर निम्मी झाली. चाचांचं समाधान होईना. त्यांनी फेराइटचंच एक जाड कडं काढलं. "कांडीची टोकं मोकळी राहतात. कडं बंद असतं, ते जास्त आवरतं." दोन्ही तारा एकत्र धरून, अगदी मोटारीजवळ, त्यांनी दहा वेढे दिले. रेडिओ गप्प, म्हणजे गाणं तेवढं चालू. पण खरी परीक्षा वरच्या मजल्यावर होती.

सोमवारी सकाळी बातम्या लागल्या. मी देवाचं नाव घेऊन मशीन सुरू केलं. बातम्या संपल्यावर मालक जिना उतरले.

"काडलीस व्हय मोटार? पायानं मारतीस न्हवं?"

"काडली न्हाय, मालक. तिच्यावरच शिवतीय की."

त्यांनी वाकून मोटार पाहिली, कडं पाहिलं. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि वर गेले.

मला रडूच आलं. डोळे पुसून मी पोत्याची गाठ सोडली, सगळ्यात वरचं पातेलं काढलं आणि चहा टाकला.