साहेबाचा बंगला, शेजारचा धुरा आणि अर्धे कच्चे रोडगे

आमच्याकडे लग्न जमवायचं म्हणजे पोहे आले. मुलगी ट्रे घेऊन येते, पाहुणे पोह्यातले शेंगदाणे वेचत तिला न्याहाळतात आणि घरी जाऊन कळवतात. माझी थोरली बहीण शोभाताई चोपन्न वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. भाऊजी जाऊन आठ वर्षं झाली. अकोटच्या प्रभाकररावांचं स्थळ आलं तेव्हा तिनं दोन गोष्टी स्पष्ट केल्या.

"मी पोह्याची प्लेट घेऊन कोणासमोर येणार नाई. आन् सुध्या, कोणाच्या घरी सोयपाकीण म्हणून तं बिलकुल जाणार नाई. तीस वर्षं केला. हात भरून पावले."

पहिल्या अटीवर उपाय मी काढला. दोन्ही घरांनी मिळून एक दिवस बाहेर जायचं, 'सहज' भेटायचं. दुसरीवर माझ्याकडे उपाय नव्हता, म्हणून मी ती प्रभाकररावांना कळवलीच नाही. मध्यस्थानं एवढं तरी करावं.

जागा ठरली परतवाड्यापलीकडचा, डोंगराच्या पायथ्याचा साहेबाचा बंगला. इंग्रजांच्या काळात एका कापूसवाल्या साहेबानं बांधलेला, भोवती मोठी बाग. आम्हाला अमरावतीहून दीड तास, त्यांना अकोटहून साधारण तेवढाच; म्हणजे कोणी कोणाच्या दारात गेलं असं होत नाही. मी वेळापत्रकही केलं. त्यात 'साडेअकरा ते बारा : बागेत योगायोगाने एकटे' असंही लिहिलं होतं. बायकोनं, म्हणजे सवितानं, तो कागद फाडला.

जानेवारीतला रविवार. सकाळी आठला निघालो. वलगाव सोडलं की दोन्ही बाजूंना तूर, आणि पुढं पुढं संत्र्याच्या बागा. रस्ता आसेगावपर्यंत उत्तम. नंतर कुठे कुठे डांबराला आठवण करून द्यावी लागते की तू रस्ता आहेस. आसेगावला थांबून गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, खाल्ला. दही जरा आंबट होतं, तरी मी आणि सवितानं दुसरी प्लेट मागवली. ताईनं फक्त चहा घेतला. मी विचारलं, "टेन्शन आलं का?" ती म्हणाली, "तुह्या ड्रायव्हिंगचं."

बंगल्याच्या फाटकावर प्रभाकरराव आधीच उभे. वय अठ्ठावन्न, कृषी खात्यातून निवृत्त, अकोटला पानमळा, पत्नी जाऊन चार वर्षं झालेली. सोबत त्यांची मुलगी मयूरी, पुण्यात नोकरीला. हे स्थळ तिनंच सुचवलं होतं. नमस्कार झाले आणि खरी पंचाईत उभी राहिली : हाक काय मारायची? 'शोभाताई' म्हणावं तर कार्यक्रम तिथंच संपला. प्रभाकरराव जरा थांबले, मग म्हणाले, "या मॅडम." सुटलो.

एवढ्यात चौकीदारानं त्यांच्या गाडीच्या डिकीत डोकावून पाहिलं.

"हे काय हाये काका?"

"गोवऱ्या."

"साहेबाच्या बंगल्यावर गोवऱ्या?"

"रोडगे करायचे म्हनलं. सावली चांगली असन."

जगातला माणूस ऐतिहासिक वास्तू पाहायला कॅमेरा घेऊन जातो. वऱ्हाडी माणूस मोठं झाड ऐकलं की निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायला गोवऱ्या, कणीक आणि वांगी गाडीत टाकतो. चौकीदारानं बोर्डाकडे बोट केलं : 'उद्यानात स्वयंपाक करण्यास सक्त मनाई'. मयूरी पुटपुटली, "बाबा, तुमाले सांगितलं होतं मी." मग डिकी बंद केली आणि तिकिटं काढली. माणशी वीस रुपये, गाडीचे तीस.

बंगला मात्र पाहण्यासारखा आहे हं. लांबच लांब व्हरांडा, कौलारू छप्पर, छताला दोरीनं ओढायचा कापडी पंखा. जेवणाच्या टेबलाशी पाटी : 'येथे साहेब भोजन करीत असत'. कोण रांधत असे, त्याची पाटी नाही. बागेत चाफा, जुने आंबे, गुलाबाचे वाफे आणि 'दुरुस्तीसाठी बंद' असलेलं कारंजं. ते साहेबाच्या काळापासून बंद असावं.

ताई मागच्या दारातून बाहेर पडली. स्वयंपाकघर बंगल्याला लागून नाहीच; वीस-पंचवीस पावलांवर वेगळी खोली.

"एवढ्या दूर?" ताई म्हणाली. "शहाणी असन मडम. तिकडं कांदा जळला तरी हिले पत्ता नाई."

प्रभाकरराव मागंच होते. "आमच्याकडं तं लगेच समजते. रोजच जळते."

"सोयपाक कोण करते तुमच्याकडं?"

मी आंब्याच्या बुंध्यावरचं शास्त्रीय नाव अतिशय लक्षपूर्वक वाचू लागलो.

"मीच. चार वर्षं झाले. खराब करतो, पन करतो."

"मंग आता चांगला करणारी पाहून राहिले का?"

सवितानं माझी बाही ओढली. प्रभाकररावांनी घाई केली नाही.

"नाई मॅडम. पोरगी पुन्याले. संध्याकाळी मळ्यातून घरी येतो तं बोलाले कोनी नाई. सोयपाकाचं काय, बाई लावता येते. बोलाले बाई लावता येत नाई."

ताई त्या खोलीच्या दारात गेली. चुलीच्या कोनाड्याकडे पाहत राहिली.

एकला भूक लागली. फाटकाबाहेर तुरीचं शेत होतं. शेतकरी शेंगा तोडत होता. त्यानं सांगितलं, "पेटवा ना बापा. पन धुऱ्यावर. तुरीकडं ठिनगी नाई गेली पायजे." शेताच्या त्या बांधावर, मोकळ्या जागेत, प्रभाकररावांनी गोवऱ्या रचल्या आणि कणीक पुढ्यात घेतली. त्यांचे रोडगे पाहून माझाही जीव कळवळला. एक लिंबाएवढा, एक नारळाएवढा. ताईचा हात कणकेकडे गेला. मी पाहिला. तीस वर्षांची सवय, ती विचारून जात नाही.

"तुमी बसा," प्रभाकरराव वर न पाहता म्हणाले. "कच्चे झाले तं कच्चे खाऊ."

ताईचा हात मागं आला. ती चटईवर बसली, पाय पसरले, आणि तुरीच्या शेंगा सोलून खाऊ लागली. माणसांत बसून अशी, काहीही न करता, मी तिला कधी पाहिलं होतं ते आठवेना. सविता उठू लागली तर ताईनंच तिला खाली बसवलं.

रोडगे बाहेरून कोळसा, आतून कणीक. वांग्याची भाजी झकास होती. तूप एवढं ओतलं की चुका बुडाल्या. ताईनं तीन खाल्ले आणि तोंडावर सांगितलं, "मधून कच्चे आहेत."

"लहान करा लागत होते का?"

"हो. आन् निखाऱ्यात दबवून ठेवा लागतात. घाई नाई करायची."

"घाई नाईच हाये," प्रभाकरराव म्हणाले. मयूरीनं माझ्याकडे पाहिलं, मी तुरीकडे.

परतीच्या वाटेवर मी कसाबसा धीर धरला. घरी पोचल्यावर न राहवून मी म्हटलं, "मग काय कळवू त्यांना?"

"काई कळवू नको. फोन लावूच नको त्यायले."

माझा चेहरा पडला असावा.

"मी लावीन ना," ती म्हणाली. "नंबर घेतला मी. आता कावून मधात येऊन राहिला?"

त्याला दहा दिवस झाले. तुम्ही सहकुटुंब जाणार असाल तर जरूर जा : पाणी सोबत न्या, कारंज्याची आशा ठेवू नका, रोडगे करायचे तर बाहेर धुऱ्यावर आणि शेतकऱ्याला विचारून. बंगला दोन तासांत पाहून होतो. लग्न ठरलं का, असं विचाराल तर मला माहीत नाही. मला आता कोणी सांगत नाही. येत्या रविवारी ताई पानमळा पाहायला चालली आहे, एवढं सविताकडून कळलं. मी म्हटलं, गाडीनं सोडतो. "कायले? बायायले हाफ टिकीट आहे," ताई म्हणाली.

अमरावतीहून अकोटची एसटी सकाळी पावणेआठला आहे. ही माहिती मी काढलेली नाही. स्टँडवर जाऊन ताईनं स्वतः विचारून आणली.